यान सुटल्यावर कुणी उठू नका! वाडीत अंतराळ-उड्डाण एकत्र बघायची तयारी

१४ जुलै २०२३, शुक्रवार, दुपारी २ वाजून ३५ मिनिटं. आमच्या वाडीतल्या शाळेत चाळीसेक माणसं चांद्रयान-३ सुटताना बघायला जमली होती. लावणीचे दिवस, तरी दोघी-तिघी पायाला चिखल तसाच ठेवून थेट मळ्यातून आल्या होत्या. जून-जुलैची मासेमारी बंदी असल्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, त्यामुळे दर्यावर जाणारी मंडळीही मोकळी होती. यान सुटलं, टाळ्या पडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग पडद्यावर धुराची रेघ उरली आणि आकडे दिसायला लागले. तात्यांनी छत्री उचलली. "गेला मां? मगे आता काय बघूचा?" दोन मिनिटांत निम्मी शाळा रिकामी. यान रॉकेटपासून सुटून आपल्या वाटेला लागलं ते सोळाव्या मिनिटाला, आणि ते बघायला आम्ही अकराजण उरलो होतो.

चूक तात्यांची नव्हती, माझी होती. मी लोकांना 'उड्डाण बघायला या' म्हणून बोलावलं होतं आणि त्यांनी उड्डाण बघितलं. तेव्हापासून मी सगळी मांडणी उलटी केली. आता आमच्याकडे कार्यक्रमाचा कळस यान वेगळं होतं तेव्हा असतो आणि उड्डाण ही त्याची सुरुवात असते. खाली लिहिलेलं सगळं त्या एका बदलाभोवती फिरतं. आमचा अनुभव देवगड तालुक्यातल्या एका वाडीचा आहे, पण गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही रेंज, वीज आणि पाऊस या तिघांचा स्वभाव फारसा वेगळा नसावा.

कुठलं उड्डाण निवडायचं

वर्षभरात उड्डाणं पुष्कळ होतात. सगळ्यांना गाव गोळा करायला लागलात तर तिसऱ्या वेळी कुणी येणार नाही. चंद्र, मंगळ, सूर्य, गुरू असं नाव घेऊन सांगता येईल अशा ठिकाणी निघालेलं यान निवडा. दळणवळणाचा उपग्रह महत्त्वाचा असतो, पण आजीला त्याचं 'पोचला काय?' विचारता येत नाही.

दुसरी गोष्ट आपली वेळ. श्रीहरिकोट्याची उड्डाणं आपल्याच घड्याळात असतात. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला दुपारी २:३८ ला गेलं (मंगळवार होता आणि वर भाऊबीज, म्हणजे घरं भरलेली). सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१ हे २ सप्टेंबर २०२३ ला सकाळी ११:५० ला. चांद्रयान-१ मात्र २२ ऑक्टोबर २००८ ला सकाळी ६:२२ ला गेलं होतं. त्या वेळेला माणसं जमवायची तर चहा आधी हवा.

परदेशी उड्डाणं आपल्याला उलट सोयीची पडतात, कारण नासाची यानं जिथून सुटतात त्या फ्लोरिडात सकाळ असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ. 'सायकी' लघुग्रहाकडे जाणारं यान १३ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या संध्याकाळी ७:४९ ला निघालं. गुरूच्या युरोपा चंद्राकडे जाणारं 'युरोपा क्लिपर' १४ ऑक्टोबर २०२४ ला रात्री ९:३६ ला. युरोपचं, गुरूकडेच जाणारं 'ज्यूस' १४ एप्रिल २०२३ ला दक्षिण अमेरिकेतल्या कुरूहून निघालं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ५:४४ झाले होते. भाताची पेज होईपर्यंत सगळे मोकळे.

वेळेचा हिशेब मात्र कागदावर करा. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, हे कायमचं. फ्लोरिडा मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपल्या साडेनऊ तास मागे असतं, बाकीच्या दिवसांत साडेदहा. एका नोव्हेंबरात मी साडेनऊचाच हिशेब धरला आणि सगळ्यांना तासभर आधी आणून बसवलं. शेजारच्या काकी ते अजून ऐकवतात. रात्री बारानंतरचं उड्डाण असेल तर तारीखही बदलते. तेव्हा निरोपात 'शनिवारी रात्री, म्हणजे रविवार उजाडण्याआधी' असं सरळ लिहा.

एक प्रश्न दरवेळी येतो: किनाऱ्यावर जाऊन आकाशात दिसेल का? नाही. देवगडपासून श्रीहरिकोटा सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर, मध्ये सह्याद्री, आणि रॉकेट पूर्वेला बंगालच्या उपसागरावरून आपल्यापासून लांब लांब जात असतं. डोळ्यांनी बघायचंच असेल तर श्रीहरिकोट्याला प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे, तिची नोंदणी ऑनलाइन होते. आपल्याकडून मंगळुरू गाठायचं, तिथून चेन्नई, तिथून गुडूरच्या वाटेवर सुल्लूरपेटा स्टेशन. जाताना परतीचं तिकीट दोन दिवस सैल ठेवा, कारण उड्डाण पुढे ढकललं गेलं तर ते तुम्हाला विचारून ढकललं जात नाही.

जागा

शाळा, देवळाचा सभामंडप, कुणाचं मोठं खळं, यांपैकी काहीही चालेल. मी शाळा निवडतो, कारण तिथे फळा आहे, आणि फळा आमच्या कार्यक्रमात पडद्याइतकाच महत्त्वाचा आहे. देवळाचा मंडप चांगला, पण गुरवांना आणि मानकऱ्यांना आधी विचारा, आणि त्या दिवशी पालखी-पारायण काही नाही ना हेही बघा.

दिवसाचं उड्डाण असेल तर प्रोजेक्टरच्या भानगडीत पडू नका. खळ्यात तर नकोच. दुपारच्या उजेडात पांढऱ्या चादरीवर पांढरं रॉकेट, काय दिसणार? ४३ इंची टीव्ही पंचवीस-तीस माणसांना पुरतो, लहान मुलं पुढे सतरंजीवर, मोठी मागे बाकांवर. रात्रीच्या उड्डाणाला प्रोजेक्टर मजा आणतो. चादर चारी बाजूंनी ताणून बांधा, नाहीतर वाऱ्याने रॉकेट डुलतं आणि म्हाताऱ्या माणसांना ते खरंच डुलतंय असं वाटतं.

चित्रापेक्षा आवाजावर जास्त खर्च करा. टीव्हीचा स्वतःचा आवाज पावसाच्या पत्र्यावर टिकत नाही. भजनी मंडळाचा स्पीकर बहुतेक वाड्यांत असतोच, तो मागून आणा. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही हे लक्षात ठेवून उशिराचं उड्डाण बंद खोलीत, बेताच्या आवाजात बघा.

रेंज आणि वीज

इथेच बहुतेक बेत फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

कोकणात रेंज सड्यावर असते आणि माणसं खाली वाडीत. जागा ठरवण्याआधी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घेऊन त्याच खोलीत, त्याच वेळेला, जुन्या एखाद्या उड्डाणाचं चित्रण सलग वीस मिनिटं चालवून बघा. सकाळी दहाला चाललं म्हणजे रात्री नऊला चालेल असं नाही. रात्री सगळी वाडी मालिका आणि रील बघत असते.

तीन वाटा तयार ठेवा. पहिली फायबर, असेल तर. दुसरी मोबाइलचा हॉटस्पॉट. तिसरी, आणि आमच्याकडे दोनदा कामी आलेली, म्हणजे दूरदर्शन. इस्रोची मोठी उड्डाणं दूरदर्शन थेट दाखवतं आणि फ्री डिशची छत्री गावात कुणाच्या तरी कौलांवर असतेच. मात्र जोराच्या सरीत छत्रीचं चित्र गोठतं, आणि पावसाळ्यात नेमकी तेव्हाच वीज जाऊन फायबरचा डबाही बंद पडलेला असतो. म्हणून एकाच वाटेवर विसंबू नका. परदेशी उड्डाणाला तर दूरदर्शनचा आधार धरूच नका. तिथे नेट हेच सगळं.

डेटाचा हिशेब सोपा आहे. चित्राचा दर्जा ७२० वर ठेवला तर तासाला साधारण एक ते दीड जीबी जातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन तासांचा कार्यक्रम बसत नाही. त्यात सकाळपासून कुणी त्या फोनवर क्रिकेट बघितलं असेल तर उलटी गणती चालू असतानाच चाक फिरायला लागतं. हॉटस्पॉटचा फोन त्या दिवशी उपाशी ठेवा. दर्जा ४८० वर आणला तर डेटा निम्म्यावर येतो, आणि खरं सांगायचं तर आजोबांना फरक कळत नाही.

वीज. दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी असलेला घरगुती इन्व्हर्टर टीव्ही, राउटर आणि छोटा स्पीकर असं सगळं मिळून दीडशे वॉटचं ओझं असेल तर चार-पाच तास आरामात ओढतो, बॅटरी बरी असेल तर. प्रोजेक्टर एकटाच अडीच-तीनशे वॉट खातो. शिवाय दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा लवकर खराब होतो, तेव्हा तो इन्व्हर्टरवरच लावा. राउटरला वेगळा छोटा यूपीएस मिळतो, तो घेऊन ठेवा. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होतो तेवढ्या क्षणात राउटर बंद होऊन पुन्हा जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि रॉकेटला दोन मिनिटांत बूस्टर (सुरुवातीचा जोर देणारी बाजूची रॉकेटं) टाकून देण्याइतका वेळ मिळतो.

आणखी एक गंमत. यूट्यूबवरचं 'थेट' चित्र खरोखरीच्या वेळेपेक्षा दहा-वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतं, आणि प्रत्येक फोनवर ते वेगळं मागे असतं. एकदा आमच्या पडद्यावर गणती आठवर आली होती आणि शेजारच्या घरातून दूरदर्शन बघणारा ओरडला, "सुटला!" सगळा रंग उतरला. तेव्हापासून खोलीत एकच पडदा, बाकीचे फोन खिशात, आणि शेजाऱ्यांनाही आमंत्रण.

खरं थेट प्रक्षेपण कुठलं हेही आदल्या दिवशी शोधून ठेवा. इस्रो, नासा, युरोपीय संस्था यांच्या स्वतःच्या अधिकृत चॅनेलवरूनच बघा. उड्डाणाच्या दिवशी जुनी चित्रणं 'लाइव्ह' म्हणून दाखवणारे आणि कोपऱ्यात क्यूआर कोड लावून 'पैसे दुप्पट' म्हणणारे चोरटे चॅनेल उगवतात. एका दुव्याची खूण करून ठेवा आणि त्या दिवशी शोधाशोध करू नका.

निरोप

निरोप आठ दिवस आधी एक आणि आदल्या संध्याकाळी एक. चांद्रयान-३ चंच उदाहरण घ्यायचं तर आता मी तो साधारण असा पाठवीन:

'मंडळी, शुक्रवारी दुपारी चांद्रयान निघतंय. शाळेत दोन वाजता या. यान रॉकेटपासून वेगळं व्हायला उड्डाणानंतर सोळा मिनिटं लागतात, ते बघूनच उठायचं आहे. चहा आणि खाजं त्यानंतर. उड्डाण पुढे ढकललं जाऊ शकतं, तसं झालं तर इथेच कळवीन. छत्री आणा, लहान मुलांना आणा, प्रश्न आणा.'

'चहा त्यानंतर' हे वाक्य मुद्दाम आहे. आधी चहा दिला तर माणसं चहाला येतात आणि चहा झाला की जातात. आणि भजी तळायला घेऊ नका. तळणारी व्यक्ती उड्डाण चुकवते आणि वर्षभर बोलून दाखवते. चहा थर्मासमध्ये, मालवणी खाजं डब्यात, उन्हाळ्यात कोकम सरबत. मंगळयान किंवा आदित्यसारखी लांबण असेल तर मात्र खाणं मधल्या वाटचालीत द्या, त्याबद्दल पुढे.

फळा

थेट प्रक्षेपणातलं निवेदन इंग्रजी-हिंदीत असतं आणि नियंत्रण कक्षातले आवाज तर सांकेतिकच. म्हणून फळ्यावर आधी वेळापत्रक लिहा. उड्डाणाआधी संस्था माहितीपत्रक प्रसिद्ध करते, त्यात टप्प्यांच्या वेळा सेकंदांत दिलेल्या असतात. चांद्रयान-३ चा फळा असा होईल (मिनिटं : सेकंद):

०:०० – दोन्ही बाजूंची एस-२०० बूस्टर पेटतात
१:४८ – मधला टप्पा, एल-११०, पेटतो
२:०७ – बूस्टर गळून पडतात
३:१५ – टोकावरचं उष्णता-कवच उघडून पडतं
५:०६ – एल-११० सुटतो, दोन सेकंदांनी वरचं क्रायोजेनिक इंजिन पेटतं
१५:५४ – क्रायोजेनिक इंजिन बंद
१६:०९ – यान वेगळं

प्रत्येक ओळ एका मुलाला वाटून द्या. आपली ओळ आली की त्याने उठायचं, प्रत्यक्षातली वेळ समोर खडूने लिहायची आणि काय झालं ते मोठ्याने मराठीत सांगायचं. या एका युक्तीने माणसं बसून राहतात. मुलं बसतात कारण त्यांची पाळी यायची असते, आणि आया बसतात कारण मुलांची पाळी यायची असते.

निवेदन करणाऱ्याने प्रत्येक ओळीमागचं एकेक वाक्य तयार ठेवावं. चांद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ रॉकेट ४३.५ मीटर उंच, वजन सुमारे ६४० टन. म्हणजे चांगले वाढलेले दोन माड एकावर एक. जमिनीवरून उठताना त्याचं मधलं इंजिन बंदच असतं, सगळं ओझं बाजूची दोन घन इंधनाची बूस्टर उचलतात, प्रत्येकात दोनशे टनांच्या आसपास इंधन. उष्णता-कवच सव्वातीन मिनिटांनी का टाकतात? कारण तोवर रॉकेट शंभर किलोमीटरच्या वर गेलेलं असतं, घासायला हवा उरलेली नसते, मग ते वजन कशाला वाहायचं? आणि क्रायोजेनिक म्हणजे द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो, आपल्या मासळीच्या बर्फाचं तिथे काही चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मी पहिल्या वेळी सांगितली नाही म्हणून तात्या उठले. पडद्यावर उंचीचा आकडा बघत राहा. पाचव्या मिनिटाला उंची १७५ किलोमीटरच्या आसपास असते. सोळाव्या मिनिटाला यान वेगळं होतं तेव्हा ती १८० च्या आसपास. म्हणजे अकरा मिनिटं इंजिन जळतंय आणि उंची जवळजवळ तेवढीच! मग जळतंय कशासाठी? शेजारचा वेगाचा आकडा बघा, तो सेकंदाला दहा किलोमीटरच्या पुढे पोचलेला असतो. रॉकेटचं काम माडावर चढण्याचं कमी आणि होडी लोटण्याचं जास्त. पहिल्या पाच मिनिटांत ते हवेच्या लाटांतून बाहेर पडतं, मग आडवं धावतं, इतकं जोरात की पडताना पृथ्वी त्याच्या खालून वळत जाते. हे तात्यांना होडीच्या भाषेत सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मगे असा सांग ना, लाट फोडून भायर पडाचा आणि मगे वल्हवाचा." याहून चांगलं मला आजवर सांगता आलेलं नाही.

पडद्यावर एक आलेखही असतो: ठरलेली वाट आणि रॉकेटची प्रत्यक्ष वाट. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या आहेत तोवर निर्धास्त. नियंत्रण कक्षातून 'परफॉर्मन्स नॉर्मल', म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे, असं ऐकू येत राहतं. 'टी मायनस' म्हणजे उड्डाणाला उरलेला वेळ, 'होल्ड' म्हणजे गणती थांबवली. हे तीन शब्द कळले की मराठी माध्यमाच्या चौथीतलं पोरही प्रक्षेपण वाचायला लागतं.

नारळ आणि सुपारी

मंगळयान आणि आदित्य ज्यावरून गेले त्या पीएसएलव्ही रॉकेटच्या उड्डाणात मधे लांब शांतता असते. मंगळयान वेगळं व्हायला सुमारे ४४ मिनिटं लागली. त्यातला मोठा भाग इंजिन बंद ठेवून नुसतं वाहत जाण्याचा होता, आणि शेवटचा टप्पा पेटताना बघायला दक्षिण प्रशांत महासागरात 'नालंदा' आणि 'यमुना' ही दोन भारतीय जहाजं अँटेना लावून उभी होती, कारण तिथे जमीनच नाही. आदित्य-एल१ ला तर ६३ मिनिटं. या वेळात पडदा काहीच दाखवत नाही. खाणं इथे द्या, आणि खाणं होताच नारळ काढा.

सोललेला नारळ घ्या, साधारण १२ सेंटिमीटर जाडीचा. ही पृथ्वी. या मापात चंद्र म्हणजे सव्वातीन सेंटिमीटरची सुपारी. आता एका मुलाला सुपारी देऊन विचारा, कुठे उभा राहशील? सगळे हातभर अंतरावर उभे राहतात. त्याला साडेतीन मीटर लांब न्या. खोलीत एकदम शांतता होते, दरवेळी.

मग पुढचं. चांद्रयान-३ रॉकेटपासून सुटलं ती १८० किलोमीटरची उंची या नारळावर दोन मिलिमीटरही नाही, करवंटीच्या जाडीहून कमी. पहिल्या कक्षेचं लांबचं टोक, ३६,५०० किलोमीटर, म्हणजे दीड वीत. तिथून सुपारीपर्यंत जायचं तर कक्षा हळूहळू ताणत न्यावी लागते. आदित्य जिथे बसलंय ती १५ लाख किलोमीटरवरची जागा नारळापासून चौदा मीटर, म्हणजे शाळेच्या अंगणाबाहेर. मंगळ अगदी जवळ आला तरी अर्धा किलोमीटर, आमच्या हिशेबाने एसटीचा थांबा. आणि सूर्य? तेरा मीटरहून थोडा मोठा गोळा, एक किलोमीटर चारशे मीटरवर, खाडीच्या पलीकडे. पोरं खिडकीतून खाडीकडे बघायला लागतात. तुमच्या वाडीतल्या खुणा आधी मोजून ठेवा.

वेळ उरलाच तर थुंब्याची गोष्ट सांगा. २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातून पहिलं रॉकेट सुटलं ते केरळमधल्या थुंबा नावाच्या मच्छीमार गावातून, आपल्याच अरबी समुद्राच्या काठावरून. चुंबकीय विषुववृत्त जवळ म्हणून ती जागा निवडली होती, आणि गावातल्या चर्चची इमारत सुरुवातीला कामाला वापरली. मासळी सुकवणाऱ्या किनाऱ्यावर हे घडलं, हे आपल्याकडच्या मुलांना ऐकायला आवडतं.

थांबलं तर, बिघडलं तर

उड्डाण थांबणं हा कार्यक्रमाचा भागच धरा. १५ जुलै २०१९ ला पहाटे २:५१ ला जायचं चांद्रयान-२ गणतीला ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना थांबवलं, आणि मग २२ जुलैला दुपारी २:४३ ला गेलं. 'ज्यूस' विजेच्या धोक्यामुळे एक दिवस थांबलं, 'क्लिपर' मिल्टन चक्रीवादळामुळे चार दिवस. वादळ आलं तर होडी काढायची नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त यानाला अनंत दिवस नसतात. ग्रह जागेवर असतात तेवढ्याच खिडकीत जावं लागतं, मंगळासाठी ती खिडकी सव्वीसेक महिन्यांनी एकदाच उघडते. थांबलं तर नारळाचा खेळ करा, चहा द्या आणि पुढची तारीख कळली की निरोप पाठवा. रागावू नका, दुसऱ्यांदा माणसं जास्त येतात.

चांद्रयान-२ च्या त्या खोळंब्यामागे हेलियमची गळती असल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. रॉकेटमध्ये इंधनावर दाब ठेवायला हेलियम वापरतात. आमच्या शेजारच्या विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो, हेलियमचा शोध ज्याच्याशी जोडला जातो त्या १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून, आणि ते ग्रहण बघायला बांधलेले म्हणून किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात. तेव्हा हा धागा मुलांना जरूर जोडून द्या. मात्र हेलियमच्या शोधाचं श्रेय ज्याला देतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेब स्वतः विजयदुर्गावर उभा होता असं सांगू नका. त्याने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून बघितली, आणि या शोधात ज्याचं नाव जोडलं जातं तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सन ग्रहणाच्या दिवशी गुंटूरला होता. ओट्यांची गोष्ट याने लहान होत नाही.

बिघाडाची तयारी त्याहून महत्त्वाची. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० या रॉकेटचं क्रायोजेनिक इंजिन पेटलंच नाही, आलेखावरची रेषा ठरलेल्या वाटेवरून खाली झुकली आणि कक्षातले आवाज थांबले. अशा वेळी यजमानाने पडदा बंद करायचा नाही. रेषा कुठे वळली ते दाखवायचं, फळ्यावर पुढच्या ओळी तशाच मोकळ्या ठेवायच्या.

६ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथे कुणी विसरलेलं नाही. गौरीपूजनाची रात्र, मुंबईचे चाकरमानी घरी, भजनं रंगलेली, आणि दीडच्या सुमारास टाळ-मृदंग बाजूला ठेवून सगळे टीव्हीसमोर. चांद्रयान-२ चा विक्रम चंद्रावर उतरताना २.१ किलोमीटर उंचीवर संपर्क गेला. कुणाला काय बोलावं सुचेना. मग बुवांनी पेटी पुढे ओढली आणि पुढचा अभंग सुरू केला. मला त्या रात्री एक सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही: चंद्राभोवती फिरणारा ऑर्बिटर ठीक होता. असं काही चांगलं शिल्लक असेल तर ते त्याच क्षणी सांगा.

त्या दिवशी, घड्याळ लावून

दोन तास आधी टीव्ही, स्पीकर, नेट लावून बघा. तासभर आधी फळा लिहून पूर्ण. अर्धा तास आधी थेट प्रक्षेपण सुरू होतं, तेव्हा माणसं आत. निवेदकाने वीस मिनिटांच्या आत यान कुठे चाललंय आणि काय शोधणार एवढंच सांगावं. शेवटच्या पाच मिनिटांत निवेदकाने गप्प बसायचं. शेवटचे दहा आकडे सगळ्यांनी मराठीतून मोजायचे, दहा, नऊ, आठ… सुटल्यावर एक मिनिट ओरडू द्या. मग निवेदक एकच वाक्य म्हणतो: "बसा, अजून काही झालेलं नाही."

यान वेगळं झालं की खऱ्या टाळ्या. क्लिपरच्या वेळी उड्डाणानंतर तासाभराने यान वेगळं झालं आणि मग काही मिनिटांनी त्याचा पहिला संदेश पृथ्वीवर पोचला. तो ऐकल्याशिवाय आम्ही दिवे लावले नाहीत. त्यानंतर शक्य असेल तर सगळ्यांना बाहेर घेऊन जा आणि यान निघालंय ती जागा दाखवा. गुरू त्या रात्री उशिरा पूर्वेला डोंगरावर आला. चांद्रयान-३ चं उड्डाण दुपारी होतं आणि त्या दिवसांत चंद्र पहाटे उगवत होता, म्हणून तेव्हा काही दाखवता आलं नाही. २३ ऑगस्टला संध्याकाळी ६:०४ ला ते उतरलं तेव्हा मात्र अर्धा चंद्र वर होता, ढगांच्या फटीतून पाच मिनिटं दिसला, आणि पाचवीतली एक मुलगी त्याला हात करत होती. पंचांग आधी बघून ठेवा, एवढाच मुद्दा.

भिंतीवरचा कागद

यान निघालं की पोचायला दिवस, महिने, वर्षं लागतात. शाळेच्या भिंतीवर एक लांब कागद लावा आणि तारखा येतील तशा भरत जा. चांद्रयान-३ चा आमचा कागद: १४ जुलै निघालं, १ ऑगस्टला चंद्राच्या वाटेला लागलं, ५ ऑगस्टला चंद्राभोवती, २३ ऑगस्टला खाली. आदित्यचा कागद ६ जानेवारी २०२४ पर्यंत चालला. आता क्लिपरचा लावलाय. तो एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचा आहे. त्या रात्री चौथीत असलेली पोरं तेव्हा दहावीच्या आसपास असतील, म्हणून कागदाच्या उजव्या टोकाला त्यांची नावं लिहून ठेवली आहेत. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन निम्मी शाई पसरली. तुम्ही लावाल तेव्हा आधीच लॅमिनेशन करून घ्या, आणि खिळा पश्चिमेच्या भिंतीवर मारू नका.